निपाणी ते मेहसाणा: तेलक्षेत्रात पाण्याचा टँकर चालवायला लागलो तेव्हा

दिवाळीला गावी गेलो की पारावर एकच विषय निघतो. "दादा, तुम्ही तिकडं नक्की काय चालवता? आणि आम्हाला लागायचं म्हटलं तर कुठनं सुरू करायचं?" उभ्या उभ्या अर्धं सांगून होतं, अर्धं राहतं. मग पोरगं भलत्याच क्रमाने कागदं काढायला लागतं आणि दोन-तीन महिने फुकट जातात. म्हणून जसं घडलं तसं ओळीने लिहितो.

आधी काम काय ते सांगतो. गुजरातमध्ये मेहसाणा, कडी, बेचराजी, जोटाणा या पट्ट्यात जमिनीवरच्या तेलविहिरी आहेत. ओएनजीसीचं (सरकारी तेल कंपनीचं) तिथलं काम जुनं आणि मोठं आहे. विहीर खोदायच्या मोठ्या यंत्राला रिग म्हणतात. खोदताना रिगवर पाणी अखंड लागतं. खोदाईचा चिखल (तिथे सगळे 'मड' म्हणतात) कालवायला, सिमेंट करायला, यंत्रं थंड ठेवायला, धुवायला, कँपवर वापरायला. जुन्या विहिरीची दुरुस्ती काढली की तिथे छोटी रिग उभी राहते. विहिरीचा दाब दाबून ठेवायला तिला मिठाचं पाणी लागतं. शिवाय तेलाबरोबर जमिनीतून खारट, तेलकट पाणी वर येतं. ते शेतात किंवा ओढ्यात सोडता येत नाही. टँकरने किंवा पाइपने प्रक्रिया केंद्रात न्यायचं, साफ करायचं आणि बहुतेक पुन्हा जमिनीतच सोडायचं, असा क्रम असतो. रिग आज इथे, तर महिन्याने दहा कोसांवर. प्रत्येक ठिकाणी पाइपलाइन टाकणं परवडत नाही, म्हणून टँकर लागतात. टँकर ठेकेदाराचे आणि आपण ठेकेदाराचे चालक. कंपनीत नोकरी लागली असं घरी सांगू नका, पुढे गैरसमज होतात.

मी निपाणीजवळचा. बारावीनंतर उसाच्या हंगामात ट्रॅक्टर, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर ओढायचा, मधल्या काळात मिळेल ती छोटी मालवाहू गाडी. आमचे दाजी मेहसाण्याला बरीच वर्षं क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, टँकर चालवतात. 2023 च्या गणपतीला ते आले होते. मी विचारलं, "दाजी, तिकडं माझं काय जमंल काय?" ते म्हणाले, "जमतंय की. पण गाडी येती म्हणून कोण घेत नाही तिथं. कागदं आधी बघतात, मग गाडीवर बसवतात. सगळी कागदं घरातनंच करून ये. तिकडं आल्यावर एका कागदासाठी माघारी यायला लागलं तर पगार बुडतोय आणि जागा पण जाते." हे त्यांनी सांगितलं म्हणून माझं सुरळीत झालं, नाहीतर मी आधी रेल्वेचं तिकीट काढलं असतं.

पहिला कागद आधार. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. आपल्या सीमाभागात हे घरोघरी आहे. शाळा मराठी, रेशन कार्ड कन्नड, आधार तिसरंच. लायसन्स, पीएफ, बँक, मेडिकल, पोलीस दाखला, सगळीकडे नाव अक्षर न् अक्षर सारखं लागतं. ऑक्टोबरात आधार केंद्रात जाऊन दुरुस्ती केली, तेव्हा 50 रुपये लागले. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा कोणतं स्पेलिंग कायम ठेवायचं हे दाखला समोर ठेवून ठरवा आणि मगच रांगेत उभे राहा. मोबाइल नंबरही तेव्हाच जोडून घ्या. पुढचं प्रत्येक काम ओटीपीवर चालतं, आणि तो नंबर तुमच्याच खिशात असला पाहिजे, भावाच्या नाही.

मग लायसन्स. आमच्या भागाच्या गाड्यांना केए 23, म्हणजे चिकोडी आरटीओ. माझ्याकडे हलक्या गाडीचं लायसन्स होतं. ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स काढायला हलक्या गाडीचं लायसन्स निदान एक वर्ष जुनं लागतं आणि वय 20 पूर्ण लागतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी घाई करून उपयोग नाही. त्यांनी आत्ता हलक्या गाडीचं काढून ठेवावं, म्हणजे वर्ष मोजायला सुरुवात होते. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली. शिक्षण अर्धवट सुटलेल्यांनी त्यासाठी मागे राहू नये, वाचता-लिहिता आलं म्हणजे झालं. आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये हलक्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते असा निकाल दिला, तो आपल्या कामाचा नाही. भरलेला टँकर त्याच्या दुपटीहून जास्त भरतो. हेवी लायसन्स लागतंच.

दिवाळी झाल्यावर लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर अर्ज भरला. डॉक्टरच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 1-ए, फोटो, जुनं लायसन्स. सरकारी फी फार नाही. शिकाऊ लायसन्सचे 150, चाचणीचे 300, लायसन्समध्ये नवा वर्ग चढवायचे 500, शिवाय पोर्टल दाखवेल ते किरकोळ. खरा खर्च ड्रायव्हिंग स्कूलचा. हेवीसाठी स्कूलचा फॉर्म 5, म्हणजे गाडी शिकवल्याचा दाखला, सक्तीचा आहे, तो दुसरं कुणी देऊ शकत नाही. माझ्याकडून 11,000 घेतले. काही ठिकाणी गाडीवर न बसवताच फॉर्म 5 देतो म्हणणारे भेटतात. तसं करू नका. रिगवर घेण्याआधी ठेकेदाराचा माणूस स्वतः शेजारी बसून गाडी चालवायला लावतो आणि पहिल्या वळणाला त्याला सगळं कळतं.

शिकाऊ लायसन्स मिळाल्यापासून 30 दिवस झाल्याशिवाय पक्की चाचणी देता येत नाही आणि शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. मी घाई केली नाही. ट्रॅक्टरचा हात होता, पण बारा-चौदा टनांची गाडी वेगळी. मास्तरांनी मला तवंदी घाटात पुष्कळ चढ-उतार करायला लावले. उतरताना पाय ब्रेकवर गेला की ते काही न बोलता माझ्या गुडघ्यावर टपली मारायचे. गिअर खाली टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी धरायची आणि ब्रेक शेवटच्या गरजेला ठेवायचा, ही सवय पायाला त्या घाटात लागली. मेहसाण्याची जमीन सपाट आहे, तरी ती सवय उपयोगी पडते, कारण पाण्याच्या टँकरला ब्रेक कमी आणि आधीपासून लावायचा असतो. जानेवारी 2024 मध्ये चाचणी झाली, रिव्हर्समध्ये आठ काढला, पास झालो. काही दिवसांनी कार्ड पोस्टाने घरी आलं. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षं चालतं.

पुढचा टप्पा धोकादायक मालाच्या प्रशिक्षणाचा. साध्या पाण्याला याची गरज नाही. पण विहिरीतून आलेलं तेलकट पाणी किंवा पुढे क्रूड वाहायचं तर लागतं, आणि ठेकेदार ज्याच्या लायसन्सवर या प्रशिक्षणाचा शेरा आहे त्याला आधी घेतात. मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचा वर्ग असतो. गाडीवरचे धोक्याचे फलक कसे वाचायचे, गळती झाली तर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, कोणत्या आगीला पाणी मारायचं नाही, चालकाजवळचं ट्रेमकार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) म्हणजे काय, हे सगळं शिकवतात. दाखला घेऊन आरटीओत गेलं की लायसन्सवर शेरा चढतो. तो तीन वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाला एक दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागतो. लायसन्स पाच वर्षांचं, शेरा तीन वर्षांचा. दोन्ही तारखा फोनमध्ये वेगवेगळ्या लावून ठेवा.

फेब्रुवारीत पोलीस दाखला. कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज करायचा. ग्राम वन केंद्रातही भरून देतात. ठाण्यातून बोलावणं आलं, कुठे जाणार, काय काम, एवढं विचारलं. मी कन्नड मोडकं-तोडकं बोललो, हवालदार मामा मराठीत बोलले, काम झालं. या दाखल्याला मुदत असते. फार आधी काढला तर रुजू होईपर्यंत जुना होतो, म्हणून हा सगळ्यात शेवटी ठेवा.

दरम्यान दाजींच्या ओळखीने दोन ठेकेदारांशी फोनवर बोललो. पहिला पगार 28,000 म्हणाला. जरा खोदून विचारलं तर त्यात जेवण, खोली आणि पीएफचे दोन्ही हिस्से (आपला आणि मालकाचा) धरलेले. लिहून मागितलं तर त्याने फोन घेणं बंद केलं. दुसऱ्याने 22,000 आणि गाडी चालेल त्या दिवशी 200 भत्ता, खोली त्याची, जेवण आपलं, असं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं. मी दुसऱ्याकडे गेलो. एक माहिती ठेवा. तेलविहिरीचं काम केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतं, त्यामुळे किमान वेतन केंद्राच्या दराने लागतं, गुजरात राज्याच्या नाही. पगार बँकेतच घ्या, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) पहिल्याच महिन्यात मागून घ्या. फोनवर विचारताना संकोच वाटतो, आपल्याकडे पैशाचं तोंडावर विचारणं वाईट दिसतं. पण घरापासून एवढ्या लांब जाऊन भांडण्यापेक्षा निघण्याआधी विचारलेलं बरं, आणि नीट माणूस त्याचा राग धरत नाही.

होळी करून निघालो. बेळगावहून पुणे, सुरत, अहमदाबाद करत राजस्थानकडे जाणाऱ्या गाड्या मेहसाण्याला थांबतात, गाडी बदलायला लागत नाही. आईने चटणी, शेंगदाण्याची पोळी आणि जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या बांधून दिल्या. त्या आठवडाभर पुरल्या, आणि पहिल्या आठवड्यात त्यांची गरज होती, कारण पोहोचल्या पोहोचल्या काम सुरू होत नाही. घरून निघताना दहा-बारा हजार रुपये जवळ ठेवा. पगार महिन्याने येतो आणि महिना रुजू झाल्यापासून मोजतात, स्टेशनवर उतरल्यापासून नाही.

तेलविहीर कायद्याने खाण धरली जाते, हे मला तिथे गेल्यावर नीट समजलं. खाणीत उतरणाऱ्या माणसाला जे नियम, ते रिगवर जाणाऱ्या टँकर चालकालाही. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, रुजू होण्याआधीची वैद्यकीय तपासणी. छातीचा एक्स-रे, कानाची तपासणी, फुंकर मारून फुप्फुसाची ताकद, डोळे, रंगांची ओळख, रक्त. डॉक्टर फॉर्म 'ओ' भरून देतात. दुसरी गोष्ट खाण कामगारांचं व्यावसायिक प्रशिक्षण, 1966 च्या नियमांखालचं. दोन्हींचा खर्च माझ्या ठेकेदाराने केला. तुमचा कापून घेणार असेल तर तेही आधी विचारा. तपासणीच्या आदल्या रात्री झोप काढा. प्रवासाच्या शिणाने रक्तदाब वर दिसला म्हणून एका पोराला परत बोलावलं, तो बिचारा दोन रात्री नुसता काळजी करत बसला होता.

प्रशिक्षणात हायड्रोजन सल्फाइडचा तास होता. एरवी मी अशा तासांना पेंगतो, त्या दिवशी नाही पेंगलो. काही विहिरींतून हा वायू येतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला तर नाकाची वास घ्यायची ताकदच मरते, म्हणजे वास थांबला की माणसाला वाटतं वायू गेला, आणि तेव्हाच तो सगळ्यात जवळ असतो. हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात, टाकीच्या तळाशी साठतो. टँकरच्या झाकणात डोकं घालून आत किती पाणी आहे बघायची आपल्याकडच्या टँकरवाल्यांची सवय आहे. तेलकट पाण्याच्या टाकीवर ती पूर्ण सोडायची. डिपची काठी टाकून मोजायचं, तेही वाऱ्याकडे पाठ करून. टाकीत पडलेली वस्तू काढायला परवानगीशिवाय कुणीही उतरायचं नाही, आत माणूस पडलेला दिसला तरी धावत उतरायचं नाही, आधी ओरडून मदत बोलवायची. हे ऐकताना आमच्या भागात गोबर गॅसच्या टाकीत आणि जुन्या विहिरीत एकामागे एक उतरलेली माणसं आठवली आणि पोटात गोळा आला.

मग गाडी. दोन आक्सलची, 12,000 लिटरची टाकी. हिशेब सोपा आहे आणि प्रत्येकाने स्वतः करावा. गोडं पाणी लिटरला एक किलो, म्हणजे 12 टन. दोन आक्सलच्या गाडीला 2018 पासून एकूण 18.5 टनांची मर्यादा आहे. गाडी आणि टाकी मिळून साडेसहा टनांच्या आसपास. म्हणजे गोड्या पाण्याने टाकी भरली की गाडी काठावर उभी. आता त्याच टाकीत मिठाचं दाट पाणी घेतलं, लिटरला 1.1 किलोचं, तर वजन तेरा टनांच्या वर जातं. टाकी दिसायला तेवढीच भरलेली, पण गाडी ओव्हरलोड. कायद्यात ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 दंड आहे. म्हणून भरताना कोणतं पाणी आहे हे विचारायचं आणि मिठाचं असेल तर टाकी कमी भरायची. वजनकाट्याची पावती चलानाला (पाणी पोहोचवल्याच्या कागदाला) टाचून ठेवायची.

आमच्याकडे नव्या माणसाला शिकवायला एक उस्ताद आहेत, राजस्थानचे. त्यांनी पहिल्या दिवशी टाकी मुद्दाम अर्धी भरली, मोकळ्या रस्त्यावर नेलं आणि साधारण तीसच्या वेगात म्हणाले, "अब ब्रेक मार." मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. मी त्यांच्याकडे बघतोय तोवर मागून दणका बसला, आणि ब्रेकवर पाय असताना गाडी हातभर पुढे सरकली. टाकीतलं पाणी मागे उभं राहून परत आलं होतं. मग ते उलटं मागे गेलं आणि केबिन मागे ओढल्यासारखी झाली. गाडी शांत व्हायला बराच वेळ लागला. अर्धी घागर हिंदकळते ती अशी, सहा टनांनी. टाकीत आडवे पडदे असतात, त्यांना मधे भोकं असतात, त्यांनी पुढचा-मागचा झोका कमी होतो. पण वळणावरचा बाजूचा झोका पडदे थांबवत नाहीत, आणि टँकर उलटतो तो तिथेच. म्हणून गोडं पाणी असेल तर पूर्ण भरा, मिठाचं असेल तर वजनात बसेल तेवढी, नाहीतर पूर्ण रिकामी करा. अर्धी न्यावीच लागली तर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर वेग उतरवा. वळणात शिरल्यावर ब्रेकला हात-पाय लावू नका. ट्रॅक्टरमागे टँकर ओढलेल्या आपल्या पोरांना पाणी माहीत आहे असं वाटतं. त्या वेगाला आणि या वेगाला पाणी वेगळं वागतं.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा रिगवर गेलो. फाटकावर फुंकर मारून दारूची तपासणी, मोबाइल आणि काडेपेटी तिथेच जमा. गाडीची कागदं, आग विझवायचं नळकांडं, आणि सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर आहे की नाही हे वाकून बघितलं. इंजिनातून ठिणगी बाहेर पडू नये म्हणून ती जाळी असते, तिच्याशिवाय आत घेत नाहीत. डोक्याला हेल्मेट, पायात लोखंडी टोकाचे बूट. ते बूट पहिले काही दिवस फार चावतात, जाड मोजे घरून आणा. आत गेल्यावर आधी वर बघायचं. खांबावर वाऱ्याची पिशवी असते, तिच्यावरून वारा कुठे वाहतो ते कळतं. भोंगा वाजला तर वाऱ्याला आडवं होऊन, मग वाऱ्याच्या दिशेच्या उलट, जमायच्या जागेवर जायचं. ती जागा कुठे आहे ते विचारूनच गाडी लावायची. गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला. मागे घेताना माणूस उभा असल्याशिवाय चाक हलवायचं नाही. चाकांना ठोकळे लावायचे, मगच पाइप जोडायचा. आणि चलानावर रिगच्या माणसाची सही, वेळ आणि लिटर घेतल्याशिवाय परतायचं नाही. ठेकेदाराचं बिल त्यावर निघतं आणि आपला भत्ताही.

काम चालू झाल्यावर सगळ्यात जड काय जातं, तर वाट बघणं. रिगला पाणी नको असतं तेव्हा चार-पाच तास झाडाखाली बसायचं, आणि हवं असतं तेव्हा रात्री दोनला फोन येतो. उन्हाळ्यात तिथे 44-45 अंश होतं. उशाशी पाण्याचा कॅन आणि मिठा-साखरेच्या पुड्या ठेवतो. बलोल, संथालकडे तेल इतकं घट्ट आहे की जमिनीत हवा सोडून खाली तेलाचा काही भाग जाळतात, त्या उष्णतेने बाकीचं पातळ होऊन वर येतं. हे दाजींनी सांगितलं तेव्हा मी रात्रभर त्याचाच विचार करत होतो, पायाखाली आग आहे आणि वर आपण पाणी घेऊन उभे आहोत. माणसं चांगली आहेत. जेवणात गोड जास्त असतं, त्याची सवय होते. भाकरी मात्र आम्ही चौघं सीमाभागातले मिळून आळीपाळीने करतो.

माझा घरून निघेपर्यंतचा सगळा खर्च, स्कूल, फी, प्रशिक्षण, दाखले, प्रवास धरून वीस हजारांच्या थोडा वर गेला, आणि आधारपासून पहिल्या रिगपर्यंत सहा-सात महिने लागले. ज्यांना पुढच्या उन्हाळ्यात यायचं आहे त्यांनी गणपतीत आधार तपासावं, दिवाळीपर्यंत शिकाऊ लायसन्स काढावं, उसाचा हंगाम चालू असतानाच चाचणी आणि प्रशिक्षण उरकावं. पोलीस दाखला शिमग्याच्या आसपास. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, एक संच घरी आईजवळ, आणि फोटो फोनमध्ये. ठेकेदार ठरला की त्याने लिहून पाठवलेलं मला दाखवा. मी वाचून सांगेन, दाजीही सांगतील.